मुंजाबाचा ठोकळा

“घासून घासून ठोकळ्याची साबणाची वडी झाली, तरी फोरमन साहेबाचं ‘अजून हात बसला नाही’ सरंना!” कानस चालवता चालवता मुंजाबा पुटपुटला.

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागून त्याला पाच महिने झाले होते. नव्यानं आधी लोखंडी ठोकळा सपाट, काटकोनात घासायचा, मगच लेथला हात लावायचा, अशी तिथली रीत. बरोबरीचे दोघं महिन्याभरात लेथवर गेले. मुंजाबाच्या हातची कानस काही सुटंना.

सुरुवातीचे दिवस तरंगतच गेले. उन्हाच्या तिरिपीत लोखंडाचा चुरा उडायचा. घासलेल्या ठोकळ्यात त्याला तळं दिसायचं, तळ्यात लेथ फिरायचा, आणि लेथमधून सुटलेली लोखंडाची चकचकीत कुरळी पट्टी पार आभाळाला लागायची. आता तळं आटलं होतं. आपले हातच वाकडे! आज सुट्टी झाली की सिल्लोडची एसटी धरायची ती कायमचीच, असं त्यानं ठरवून टाकलं.

“मुंह कायको लटकाया रे?” लेथ चालवणारे जुने टर्नर जहांगीरचाचा जवळ आले.

“मला जमत नाय चाचा. जातो गावाकडं.”

चाचांनी ठोकळ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीसमोर धरला. फटीतून उजेडाचा केससुद्धा आला नाही.

“असा कधीपासून हाय?”

“चार महिने झाले.”

चाचांनी ठोकळा फडक्यानं पुसला. मग म्हणाले, “बेटा, उमेद आपल्या कामावर टांगावी, दुसऱ्याच्या मानेवर नाय. त्याची मान हलली नाय म्हणून तुझं काम वाकडं व्हत नाय. चल!”

फोरमन बद्रीनाथराव तसे सज्जन, कुणाला अरे म्हणायचे नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मुंजाबाला गाव विचारलं, मग हळूच, “गावात घर कुठल्या अंगाला?” त्यानं सरळ सांगितलं. बाहेर विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांनी शहर पेटलेलं. आत त्यावर अवाक्षर नाही. वाचकहो, जात न विचारता विचारण्याची ही कला आपल्यालाही येतेच की!

चहाच्या वेळी चाचांनी ठोकळा फोरमनपुढं ठेवला. “साहेब, यात खोट दाखवा.”

बद्रीनाथरावांनी सहाही बाजू तपासल्या. पुन्हा तपासल्या. “अजून... जरासं...”

“जरासं काय? याला मागं का ठेवलं ते समजत मलाबी व्हतं, पण मी गप बसलो. माझंबी चुकलं. दाखवा खोट!”

सगळे आपापल्या कपात बघू लागले. मुंजाबा तेवढा साहेबांकडं बघत राहिला. त्याच्या बोटांना फोड येऊन, फुटून, घट्टे पडले होते. बद्रीनाथरावांची नजर तिथं अडली ती हलेना.

त्यांनी गुण्या खाली ठेवला.

“ठोकळ्यात खोट नाही,” ते म्हणाले. “खोट माझ्यात आहे! मुंजाबा, तुझी जात कळली, त्याच दिवशी मी ठरवलं होतं, तुझा हात लेथला लागू द्यायचा नाही. हुनर हातात असतं, जातीत नसतं. मी मात्र पाच महिने तुझा हात सोडून जातच तपासत बसलो!”