चिकीच्या खोक्यांची वाडी

कुत्रं होतं, तेच सावित्राबाईच्या डोक्यात गेलं.

ग्रामपंचायतीच्या खोलीत, डोंगरावर बंगले बांधायला आलेल्या कंपनीने काचेच्या पेटीत अख्खा डोंगर मांडून ठेवला होता. हिरव्या गवताची गादी, लाल कौलांचे बंगले, पोहायला निळं तळं, तळ्याकाठी छत्र्या, छत्र्यांखाली नखाएवढी माणसं आणि गवतावर शेपूट वर करून उभं असलेलं एक पांढरं कुत्रं. आंदर मावळातल्या त्या गावातली निम्मी माणसं पेटीभोवती जमून आपला डोंगर कसा झकास दिसतो म्हणून खूश होत होती. सावित्राबाई दाखल्याच्या कामाला आलेली. तीही डोकावली. झरा सापडला, मोठा वड सापडला, वाघजाईची घुमटीसुद्धा सापडली. घुमटीच्या खालच्या अंगाला जिथे तिची हेदवाडी असायला हवी, तिथे मात्र नुसतं हिरवंगार.

तिने पदराने काच पुसली आणि पुन्हा बघितलं. वाडी नव्हती ती नव्हतीच.

बरं, नुसती वाडी नसती तरी एक वेळ चाललं असतं. ठाकरांना कुणी कुठे मोजत नाही हे तिला जन्मापासून ठाऊक. पण पेटीतल्या डोंगराला भिंत घातली होती, आणि ती भिंत वाडीच्या पायवाटेवरून सरळ आडवी गेली होती. वाडीतून फाट्यावर यायला तेवढी एकच वाट. पोरं शाळेला त्याच वाटेने, बाया भाताच्या आवणीला त्याच वाटेने, आजारी माणूस झोळीत घालून त्याच वाटेने. आता वाडीच नाही म्हटल्यावर वाट कशाला ठेवतील मेले?

पेटीशेजारी कंपनीचा एक इस्त्रीचा शर्ट घातलेला पोरगा उभा होता. तिने त्याला विचारलं, तर तो गोड आवाजात म्हणाला, "मावशी, हे नुसतं मॉडेल आहे. त्यात सगळं दाखवता येत नाही."

"कुत्रं दावता आलं ते?"

पोरगा हसला. त्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक सरपंचांकडे गेली. दत्तोबाआबा गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या खाचरात हेदवाडीच्या बायांनी आवणी केली नाही असं एक साल गेलं नव्हतं. आबांनी शांतपणे सांगितलं की पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत नकाशा ठरावाला येणार आहे, काय ते तिथे बोल. तिथे बोल म्हणे. मागच्या खेपेला दिव्याच्या खांबासाठी ती उभी राहून बोलली होती, तेव्हा पुढे बसलेल्या बाप्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नव्हतं, आणि तिचं बोलणं संपायच्या आत चहा आला होता.

घरी आल्या आल्या तिने नवऱ्याला सांगून टाकलं. त्यांनी कागदाचे बंगले मांडलेत ना, आपण कागदाची वाडी करायची, सगळीच्या सगळी घरं, आणि सभेच्या दिवशी त्या पेटीत नेऊन ठेवायची. बघू मग ठराव कसा करतात ते. शिदू बिडी विझवून म्हणाला, "केवडी करायची घरं?"

"दिसतील येवडी," ती फणकारली.

आता सावित्राबाईने काय घरं बांधली नव्हती? वाडीतली निम्मी घरं तिच्या हाताखालून गेलेली. मेढी रोवायच्या, त्यांवर आढं चढवायचं, पाऊस यायच्या आत छप्पर शाकारून टाकायचं, मग निवांतपणे कारवीचे कुड घालून शेणामातीने लिंपायचं. आधी छप्पर, मागाहून भिंती. जन्मभर हेच केलेलं, तर कागदाचं घरही तिने तसंच करायला घेतलं. जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, मधोमध मोडलं, झकास छप्पर झालं. आणि ते ठेवायचं कशावर? कागदाच्या मेढी उभ्या राहीनात. या बाजूला टेकू दिला की छप्पर त्या बाजूला बसे, आणि त्या बाजूला दिला की सगळंच पालथं पडे. शेवटी तिने त्याला एक चापट मारली, तेव्हा ते सपाट झालं आणि तिलाच जरा बरं वाटलं.

मग तिने भिंती आधी केल्या. भिंतीला भिंत चिकटवायला भाताची शितं चोळून लावली. तिच्या बापाने पतंग असेच चिकटवलेले. ओल्या शितांनी कागद फुगला, भिंतींना पोटं आली. वरून मावळातला श्रावण. घरातलं मीठ पाझरतंय, अंथरूण दमट, तिथे कागदाचं काय घेऊन बसलात. सकाळी ताठ असलेली भिंत दुपारी सादळून मान टाकायची. तरीही एक घर तिने कसंबसं उभं केलं, ओट्यावर ठेवलं आणि पाणी आणायला गेली. परत येते तर कोंबडीने टोच मारमारून कोपऱ्यातली शितं वेचून खाल्लेली, आणि घराच्या चार भिंती चार दिशांना पडलेल्या.

"न्हाई म्हटलं तरी," शिदू म्हणाला, "कंपनीच्या आदी कोंबडीनंच वाडी उटवली."

ती त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. सगळं कागद-बिगद गोळा करून चुलीत घातलं, आणि ते ओले कागद नीट जळेनातसुद्धा, नुसता धूर. धुराने की कशाने, डोळ्यांत पाणी आलं. संताप कंपनीचा होता, त्या पोराच्या हसण्याचा होता, पण त्याहून जास्त स्वतःच्या हातांचा. या हातांनी खरी घरं उभी केली, ती पावसाला आणि वाऱ्याला हटली नाहीत, आणि वीतभर कागद ऐकत नाही म्हणजे काय? शेजारची सरूबाई विस्तव न्यायला आली. तिने सगळं बघून एवढंच म्हटलं की असल्या कामाला शिकलेली माणसं लागतात, आपल्याला नाही जमायचं. सावित्राबाईला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

बबिता, तिची थोरली लेक, लोणावळ्याला एका चिकीच्या दुकानात मागच्या खोलीत माल भरायला होती. आईने जाड कागद आणायला सांगून ठेवलं होतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती घरी आली ती डागी खोक्यांचा गठ्ठा घेऊन. छपाई फिसकटलेली, दुकानदाराने टाकून दिलेली, पसरट, अजून न मोडलेली खोकी. सावित्राबाईने ती बघितली आणि तिचं डोकं पुन्हा फिरलं. हा पुठ्ठा तर कागदाहून कडक, तो मोडला तर वेडावाकडा फाटणार, असला कचरा कशाला आणलास म्हणून तिने लेकीला घरात पाय ठेवायच्या आत झाडायला सुरुवात केली.

बबिता दमलेली होती. उंबऱ्यावर बसली, बोलणं ऐकत ऐकत एक खोकं मांडीवर घेतलं, आणि रोजची सवय म्हणून हात चालले. इकडून दाब, तिकडून दाब, कान आत खोच, झालं. चौकोनी, ताठ, कोपरान् कोपरा जागच्या जागी.

सावित्राबाईचं बोलणं मध्येच थांबलं.

"ह्ये कसं केलंस?"

"काय?"

"ह्ये. मोडलं कसं सरळ?"

बबिताला विचार करावा लागला. दिवसभर खोकीच मोडायची, त्यात सांगण्यासारखं काय असतं हेच तिला कळेना. मग तिने खोकं उलगडून आईपुढे पसरलं. घडी पडायची तिथे पुठ्ठ्यात आधीच रेघ दाबलेली होती. आणि प्रत्येक भिंतीच्या कडेला एक जास्तीची पट्टी, तोच कान, आत मुडपून दुसऱ्या भिंतीला धरायला.

"आदी रेघ दाबायची, आई. मग मोडायचं. न्हाईतर त्ये आपल्या मनानं मोडतं."

एवढंच होतं ते. सावित्राबाई त्या पट्टीकडे कितीतरी वेळ बघत राहिली. कागदाच्या घराला मेढी नसतात. त्याच्या भिंतीच एकमेकींना धरून उभ्या राहतात. हे कुणी आधी सांगितलं असतं तर कोंबडीच्या तोंडी घर गेलं नसतं. तिला राग आला, पण आता त्या रागाला हात-पाय फुटले.

शाई संपलेलं एक पेन सापडलं, ते रेघ दाबायला घेतलं. पहिली रेघ इतक्या जोरात दाबली की पुठ्ठा आरपार फाटला. दुसरी इतकी हलकी की घडीने जुमानलं नाही. गम थापला तर भिंत सरकली. कमी लावला तर कान सुटला. बबिता म्हणाली, लावायचा थोडा आणि धरून बसायचं जास्त. धरून बसणं हे सावित्राबाईच्या स्वभावात नव्हतं. पण ती बसली, दोन बोटांत कोपरा धरून, तोंडाने कंपनीचा उद्धार करत. शिव्यांची एक फेरी पुरी होईतो गम धरतो असा तिला अंदाजच येऊन गेला.

सादळण्यावर उपाय घरातच होता. चुलीवरच्या माळ्यावर पावसाळ्यात सुकट राहते, बियाणं राहतं, मग घरं का राहणार नाहीत? तिथे ती ताठ राहिली. धुराने तांबूस-काळी झाली, आणि झाली ती अगदी लिंपलेल्या कुडाच्या रंगाची. मग मात्र वाडीला चेव आला. नथूचं घर वाऱ्याकडे कलतं, तसंच कलतं केलं. सरूबाईने स्वतः येऊन सांगितलं की माझा ओटा उजव्या अंगाला आहे, डाव्या नाही, आणि बदलून होईपर्यंत ती हलली नाही. शिदू थट्टा विसरला आणि वाडीतल्या देवळाचं छप्पर धरून बसला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, ग्रामसभा बसली. कंपनीची पेटी मधोमध टेबलावर. नकाशाचा विषय निघाला तशी सावित्राबाई डोक्यावर टोपली घेऊन उठली, आणि बाप्यांच्या मधून थेट पुढे गेली. झाकण काढा म्हणाली. तो पोरगा हात लावू नका, हात लावू नका करत आडवा आला, पण काय आणलंय ते बघू तरी म्हणून आबांनीच काच उचलायला लावली.

तिने टोपलीतून आपलं घर काढलं आणि घुमटीखाली ठेवलं.

सभेत हशा पिकला. एकटं तिचं घर कंपनीच्या बंगल्यावर बंगला ठेवला तरी वर उरेल एवढं होतं. नुसत्या ओट्याखाली छत्री आणि छत्रीखालची दोन माणसं आडवी झाली. मागे शिदूने मान खाली घातली. मापाचं सावित्राबाईच्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. पोरगा हसत हसत, पण समजावणीच्या सुरात म्हणाला, "मावशी, माप चुकलं. या मापाने तुमचं घर काडेपेटीएवढं होईल. बंगल्यांपुढे दिसणारसुद्धा नाही."

तिने घर तिथून हलवलं नाही.

"मग बराबर हाय माजं माप," ती म्हणाली. "तुमच्या मापानं आमी दिसत न्हाई, त्ये बगितलंच की."

आणि तिने नथूचं घर ठेवलं. सरूबाईचं ठेवलं. एकेक करत सगळी टोपली रिकामी केली. गवत झाकलं, निळं तळं झाकलं, भिंत तर कुठल्या कुठे गेली. हशा हळूहळू ओसरला, कारण पुढे बसलेल्यांना आता घरं ओळखू येऊ लागली होती. कुणी तरी नथूच्या कलत्या घराकडे बोट दाखवलं आणि तसंच खाली घेतलं.

आबांनी घसा साफ केला. विषय पुढे न्यायचा तर नकाशा दिसायला हवा, ही घरं बाजूला करा, मग ठरावाला हात वर करू, असं ते म्हणाले.

"मी ठिवली, आबा. मी न्हाई काडायची," सावित्राबाई म्हणाली. "ज्याला आमची वाट बंद करायचीय, त्यानं हितं यावं आन् आपल्या हातानं एकेक घर उचलावं. सगळ्यांम्होरं."

पोरगा पुढे झाला, तर आबांनी त्याला हातानेच थांबवलं. ते गावाचं काम होतं. आबा स्वतः उठले, टेबलापाशी आले, सरूबाईच्या घराला बोटं लावली. उजव्या अंगाचा ओटा. त्याच ओट्यावर बसून त्यांनी आवणीसाठी बाया ठरवल्या होत्या, अगदी याच पावसाळ्यात, तीच वाट चढून जाऊन. बोटं तशीच राहिली. मागून दारात उभी असलेली सरूबाई त्यांच्याकडे बघत होती.

आबांनी हात मागे घेतला. खुर्चीवर जाऊन बसले आणि त्या पोराला म्हणाले, भिंत मागे सारा, वाट मोकळी दाखवा, वाडी दाखवा, तोवर हा विषय या सभेपुढे आणू नका. चहा आला, पण कुणी घेतला नाही.

सावित्राबाईने रिकामी टोपली काखेत मारली. निघता निघता तिला ते दिसलं. पांढरं कुत्रं, तिच्याच ओट्याच्या धक्क्याने कलंडून पडलेलं. तिने ते चिमटीत उचललं, शेपूट वर करून आपल्या दारात उभं केलं, आणि त्या पोराला म्हणाली, "ह्ये ऱ्हाऊ दे हितं. वाडीत नवं माणूस आलं की भुकंल."