‘सूचना’मधला ‘च’

माझ्या सासूबाई गावभर बोलतात. हे गाऱ्हाणं नाही, त्यांची ती अधिकृत नेमणूकच आहे.

बावीस वर्षांपूर्वी त्या बस डेपोत पासच्या खिडकीवर बसायच्या. डेपोच्या घोषणा रेकॉर्ड करायच्या होत्या आणि बोलावलेल्या निवेदिकेचा नेमका त्या दिवशी घसा बसला. तेव्हाचे मॅनेजर खिडकी-खिडकीवर फिरून प्रत्येकीकडून ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हणवून घेत होते. बाकीच्या बायका लाजल्या, खिदळल्या. सासूबाईंनी ते असं म्हटलं की रांगेतल्या दोघांनी खरोखरच लक्ष दिलं, आणि एकाने सिगारेट विझवली. झालं. दोन दुपारी बसून सगळं रेकॉर्ड केलं गेलं. पुढे त्या निवृत्त झाल्या, पण आवाजाला काही कुणी निवृत्त केलं नाही.

घरीही त्या तशाच बोलतात. ‘जेवण वाढलंय’ हे अशा सुरात, की आपण ताटावर पोहोचेपर्यंत ते सुटेल अशी धास्ती वाटते.

मी त्याच डेपोच्या ऑफिसात सॉफ्टवेअर बघते. आमच्या मॅनेजरांना सगळे लगेचसाहेब म्हणतात, कारण त्यांना प्रत्येक काम लगेच हवं असतं आणि होत एकही नाही. जुनं घोषणायंत्र आचके द्यायला लागलं तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले. “नवीन मशीन आलंय. जुन्यातल्या सगळ्या फाइली त्यात घाला. लगेच.”

फाइली चारशे बारा. ‘फलाट क्रमांक’ ही एक फाइल, ‘तीन’ ही दुसरी, ‘गाडी क्रमांक’ ही तिसरी, असे सगळे तुकडे. मशीन ते हवे तसे जोडून वाजवतं.

आवाजाच्या फाइली हाताळायला एक लायब्ररी असते. म्हणजे पुस्तकांची नव्हे. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, आपण फक्त हाक मारायची. एक ओळ लिहिली की ती फाइल उघडते आणि दोन गोष्टी हातात ठेवते. एक, आकड्यांची लांबलचक रांग. दोन, त्यातले किती आकडे एका सेकंदात वाजवायचे तो वेग. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सासूबाई कशाच्या बनल्यात हे मला पहिल्यांदाच कळलं. सेकंदाला बावीस हजार पन्नास आकडे.

नव्या मशीनला वेग दुप्पट हवा होता, चव्वेचाळीस हजार शंभर. मी शहाणीने आकडे होते तसेच ठेवले, वेग तेवढा नवा लिहिला आणि फाइल वाजवली. सासूबाई उंदरासारख्या चिरचिरत निम्म्या वेळात सगळं बोलून मोकळ्या झाल्या. मी इतकी हसले की शेजारच्या हिशेबनीसबाईंनी पाणी आणून दिलं. मग रीतसर केलं. दर दोन आकड्यांच्या मधे एक नवा आकडा बसवायचा, म्हणजे वेग वाढला तरी आवाज तोच राहतो. त्यासाठी लूप लिहिला: फाइल वाच, आकडे वाढव, त्याच नावाने परत लिही, पुढची घे. चारशे बाराच्या चारशे बारा, चहा संपायच्या आत.

‘त्याच नावाने’ हे शब्द लक्षात ठेवा. मूळ फाइल कधीही पुसू नये, नवी वेगळ्या फोल्डरात लिहावी, हे मी कामावर नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाला बजावते. स्वतःला बजावायचं राहिलं. आणि जुनं यंत्र? ते लगेचसाहेबांनी त्याच दुपारी भंगारात दिलं. त्यांच्या कारकिर्दीत खरोखर लगेच झालेलं हे एकच काम.

त्या रविवारी घरी नळावरून वाजलं. न्हाणीघरातला नळ आठवडाभर ठिबकत होता. सासूबाईंचं म्हणणं, मी तो घट्ट बंद करत नाही. माझं म्हणणं, वायसर गेलाय. नवऱ्याचं म्हणणं काहीच नव्हतं; आमचं वाजलं की तो फोनचा चार्जर शोधायला आतल्या खोलीत जातो आणि प्रकरण मिटेपर्यंत त्याला तो सापडत नाही. शेवटी प्लंबर आला, नळ उघडला आणि म्हणाला, “वायसर गेलाय.”

मी सासूबाईंकडे पाहिलं.

“प्लंबर नवीन दिसतोय,” त्या म्हणाल्या.

सहा वर्षांत ‘तुझं बरोबर आहे’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता माझ्या डोक्यात किडा वळवळला. तोंड तर माझ्याकडे आहेच की! चारशे बारा फाइलींत भरलेलं.

‘बरोबर’ पटकन मिळालं: ‘लहान मुलांना बरोबर ठेवावे’. ‘आहे’ मिळालं ‘गाडी फलाटावर उभी आहे’मधून. अडलं ते ‘सून’पाशी. डेपोच्या घोषणेत सुनेचं काय काम? अर्धा डबा तसाच राहिला. मग ‘महत्त्वाची सूचना’ सापडली. त्यातला ‘च’ कापला की उरतं ‘सूना’. शेवटचा ‘आ’ हळूहळू छाटत नेला की ‘सून’! मी खुर्चीतच नाचले. शेवटच्या, चारशे बाराव्या फाइलीत ‘उशिराने सुटेल. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ असं होतं. त्यातलं दुसरं वाक्य उचललं आणि सगळं एकापुढे एक चिकटवलं.

“सून बरोबर आहे. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

हेडफोन लावून मी ते बारा वेळा ऐकलं. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून ठेवणीसाठी सेव्ह केलं. आता, लूप संपला म्हणून त्यातली नावाची डबी रिकामी होत नाही. शेवटचं, म्हणजे चारशे बाराव्या फाइलीचं, नाव तिच्यात तसंच पडून असतं. लिहिणारी ओळ मी आधीचीच चालवली, नाव बदललं नाही. आणि ही लायब्ररी भलती सोशिक. ‘या नावाची फाइल आधीच आहे हो बाई’ असं एका शब्दाने म्हणत नाही. सांगितलं की लिहिते.

मंगळवारी सकाळी दहाला लगेचसाहेबांनी नवं मशीन सुरू केलं. दहा वाजून चार मिनिटांनी पहिली गाडी उशिरा निघणार असल्याचं जाहीर झालं.

“फलाट क्रमांक तीन. गाडी क्रमांक सत्तावीस. सून बरोबर आहे. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

रांगांमधली डोकी एकदम वर झाली. मग तीन नंबर फलाटावर एका बाईने एकटीनेच टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ हशा उसळला. ड्रायव्हर कॅन्टीनमधून कप हातात घेऊन बाहेर आले.

“बंद करा! लगेच!” साहेब ओरडत होते. पण बंद करायची कळ कुठली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माहितीपुस्तिका खोक्यात आणि खोकं भंगारात. आमच्या गाड्या वेळेवर सुटत असत्या तर एवढं झालं नसतं. मी त्या फाइलीच्या जागी नुसती शांतता लिहीपर्यंत सून अकरा वेळा बरोबर ठरली होती.

त्या अकरांपैकी शेवटच्या तीन सासूबाईंनी स्वतः ऐकल्या. शेजारणीने फोन केला होता. त्या आल्या, तीन नंबरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या, शांतपणे ऐकलं, आणि मग माझ्या खोलीत येऊन माझ्यासमोरची खुर्ची ओढली. हिशेबनीसबाईंना अचानक बाहेर काम निघालं.

“‘सून’ कशातून काढलंस?”

“‘सूचना’मधून. ‘च’ कापला.”

“तरीच तिथे उचकी लागल्यासारखं होतंय. आणि ‘बरोबर’?”

“लहान मुलांना…”

“हं.” त्यांनी पर्सची चेन उघडली आणि परत लावली. “मी असं कधी म्हणेन असं वाटलं तुला?”

“नाही, आई. म्हणून तर कापाकापी करावी लागली.”

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तो त्यांनी लगेच जागेवर आणला. “सगळा डेपो हसत होता माझ्यावर. बावीस वर्षांत माझ्या आवाजाला कुणी हसलं नव्हतं.”

हे मात्र लागलं. मी त्यांचं तोंड उसनं घेतलं होतं, न विचारता, आणि ते भर चौकात वाजवलं होतं. मी माफी मागितली. सुरुवातीला अडखळत आणि मग बरीच जास्त. त्या म्हणाल्या, “पुरे. तुकडे जोडल्यासारखं बोलू नकोस. आता पुढे काय?”

पुढे हेच, की मूळ घोषणा कुठेही उरली नव्हती. ती परत रेकॉर्ड करावी लागणार होती, आणि ती कोण करणार हे विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. त्यांनी विचारूच दिलं नाही. “माईक कुठाय?”

स्टोअररूममध्ये ड्रायव्हरांचे कोट भिंतीला टांगले, म्हणजे आवाज घुमत नाही. सासूबाई ताठ उभ्या राहिल्या आणि एका दमात म्हणून मोकळ्या झाल्या. मी जुने तुकडे आणि नवं वाक्य जोडून त्यांना ऐकवलं. गाडीचा क्रमांक सांगणारा आवाज चाळिशीतला, खणखणीत. मागोमाग दिलगिरीचा आवाज खाली उतरलेला, कडांना किंचित खरखरीत.

त्यांनी हेडफोन काढले. “ही दुसरी कोण?”

मी हेडफोनची वायर गुंडाळायला लागले.

“तरुण बाई गाडी सांगते आणि म्हातारी माफी मागते,” त्या म्हणाल्या. “शोभत नाही.”

“मी आकड्यांत थोडं इकडचं तिकडे करून आवाज वर उचलू शकते, आई. कुणाला कळणार नाही.”

“मला कळेल ना.” कोटांच्या रांगेकडे त्या बघत राहिल्या. “आणि माझ्या आवाजाला तू आता हात लावायचा नाहीस. चारशे बाराच्या चारशे बारा परत म्हणते. मी म्हणायचं आणि तू नुसतं लिहून घ्यायचं.”

नऊ दिवस लागले. रोज अकराला त्या येत, गरम पाणी पीत आणि कामाला लागत. एकदा ‘एकोणसत्तर’ सात वेळा म्हटलं, कारण ‘ण’ मनासारखा पडेना. एकदा मी टेक ठीक आहे म्हटलं, तर त्यांनी पडद्यावर उमटलेल्या आवाजाच्या लाटेवर बोट ठेवलं. “इथे श्वास ऐकू येतोय.” होता. चौथ्या दिवसापासून नवीन फाइल वेगळ्या फोल्डरात जातेय ना, हेही त्याच तपासायला लागल्या.

शेवटच्या दिवशी त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. “हे आणखी एक घे.”

“यादीत नाहीये, आई. साहेबांना विचारावं लागेल.”

“विचारलंय. मी खिडकीवर होते तेव्हा तो उमेदवारी करत होता. नाही म्हणायची त्याची काय बिशाद.”

चारशे तेरावी फाइल पुढच्या सोमवारी पहिल्यांदा वाजली. मी मुद्दाम फलाटावर जाऊन उभी राहिले. पाच नंबरला गाडी लागली होती, दारात लोकांची गर्दी आणि आत अर्धी गाडी मोकळी.

“दारात उभे राहून गप्पा मारू नयेत. आत जागा आहे, मला दिसतेय. आत सरका.”

दारातला एक भला दांडगा माणूस दचकून वर स्पीकरकडे बघायला लागला. “हो, सरकतो,” तो म्हणाला आणि सरकला. त्याच्या मागोमाग सगळे सरकले.