न गळणारी शेगडी

आमच्या ह्यांनी जुन्या लोखंडी पिंपातून बार्बेक्यूची शेगडी बनवली आणि पहिलं काय केलं, तर ती पाण्यानं काठोकाठ भरली. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रात्रभर ती तशीच ठेवली. सकाळी तिच्या बुडाखालून हात फिरवून म्हणाले, "पद्मा, एक थेंब गळत नाही." हसावं की कपाळावर हात मारावा, मला कळेना.

पण माणूस आपणहून बोलला, यातच मी खूश होते. नंदकिशोर चाकणच्या कंपनीत पेट्रोलच्या टाक्या तपासायचे. टाकीत हवा भरायची, ती पाण्यात बुडवायची, कुठं बुडबुडा दिसला की तिथं लाल खडूनं गोल काढायचा. माल बाद! जन्मभर हेच केलं. मार्चमध्ये निवृत्त झाले आणि कंपनीची बस खालून जायच्या वेळी बाल्कनीतल्या खुर्चीत बसायला लागले, ते जेवायलाच उठायचे. मला त्या खुर्चीची धास्ती बसली होती. अशात मोबाइलवर कुणीतरी कणसं भाजताना दिसलं आणि ह्यांनी विचारलं, "झाकण लावून कसं काय भाजतात गं?" मी त्या प्रश्नाला लगेच खतपाणी घातलं.

रविवारी आमची सई बंगळुरूहून आली होती. पनीर, वांगी, कणसं, सगळं मसाला लावून तयार. संध्याकाळी कोळसा छान पेटला. ह्यांनी जाळी ठेवली, झाकण लावलं. थोड्या वेळानं उघडलं तर निखारे काळे. पुठ्ठ्यानं वारा घातला की लाल, झाकण लावलं की पुन्हा विझलेले. कोळसा बदलला, तरी तेच. असं का होतंय, मलाही चैन पडेना. मी शेगडीभोवती फिरून, वाकून सगळीकडून पाहिलं.

"बाबा, काहीतरी मागवूया का?" सई म्हणाली. बिचारीला भूक लागली होती. पण ह्यांचा चेहरा उतरला.

"भंगारात दे ही," म्हणाले आणि जिन्याकडे वळले. खाली गेले की पुन्हा ती खुर्ची.

"अहो, थांबा! आमच्या आईच्या शेगडीला खाली तोंड होतं. आम्ही तिथून वारा घालायचो. हिला तोंड कुठाय?"

हे वळले. शेगडीशी उकिडवे बसले. "हवा," पुटपुटले. "आत यायला जागाच ठेवली नाही मी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे भोकं पाडायची? चांगल्या मालाला?"

"पाडा की! आता कोण बाद करतंय?"

निखारे घमेल्यात काढले. सईनं ड्रिल मशीन आणलं. ह्यांच्या खिशात तो लाल खडू अजून होताच. बुडाशी एकेक गोल काढला, पहिल्या गोलावर ड्रिल टेकवलं आणि हात थबकला. मग ह्यांनी दात आवळून बटण दाबलं.

या खेपेला निखारे परत भरून झाकण लावल्यावर आम्ही तिघंही वाकून बसलो. भोकांतून आतला लालभडक उजेड दिसत होता. ह्यांनी उदबत्ती पेटवून भोकाशी धरली. धूर सरळ आत ओढला गेला.

"गळतंय!" हे ओरडले. "पद्मा, गळतंय बघ!"

हा शब्द उच्चारताना ह्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.