कॅन लवकर भरू लागल्यापासून

टाकीत त्या सकाळी एवढं होतं: क्लाउनफिशची एक जोडी, एक पिवळा मासा, एक कोळंबी, नऊ गोगलगायी (शंख अकरा, पण त्यातले दोन रिकामे) आणि एका प्रवाळाची सव्वीस तोंडं. सव्वीसपैकी सतरा उघडी, नऊ मिटलेली. पाणी अडीचशे लिटर. तापमान ठीक, खारटपणा ठीक. नायट्रेट लिटरला ऐंशी मिलिग्रॅम.

शेवटचा आकडा दहाच्या आत असायला हवा होता.

टाकी बाबांची. त्यांनी आयुष्यभर मनगटी घड्याळं दुरुस्त केली. मग उजवा हात थरथरायला लागला आणि त्यांनी दुकान बंद केलं. गाजावाजा न करता, शटर ओढून. कामाचं टेबल घरी आणलं, त्यावर टाकी ठेवली. प्रवाळ शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्यांनी दिलं होतं, तेव्हा एकच तोंड होतं, अंगठ्याएवढं. त्याची टोकं हातोडीच्या आकाराची असतात. "माझ्या हातोडीपेक्षा ही बरी," म्हणत बाबांनी ते पसंत केलं. एकाची सव्वीस झाली. आमच्या घरात माझ्या पदवीपेक्षा त्या सव्विसाव्या तोंडाचं कौतुक जास्त झालं होतं, आणि मी रसायनशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात पास झाले आहे.

मी सकाळचं मोजमाप संपवत होते तेव्हा बाबा फोनवर होते.

"मासेवाले, महिनाअखेरीला खोकी घेऊन या. जे जगेल ते घेऊन जा. माझ्याच्याने होत नाही आता."

स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज थांबला. आई दारात आली.

"अहो, असं काय बोलताय?"

"खरं तेच बोलतोय." बाबांनी फोन ठेवला. "घड्याळात चूक झाली तर घड्याळ थांबतं. गिऱ्हाईक परत येतं, शिव्या देतं, आपण नीट करून देतो. इथे चूक झाली की मरतं. मी कुठेतरी चुकतोय आणि मला कळत नाहीये. आधी हात गेला, आता लक्ष गेलं."

"लक्ष कधी होतं?" आई म्हणाली, पण नेहमीच्या जोरात नाही.

मी म्हटलं, "बाबा, महिनाअखेरीपर्यंत वेळ आहे ना? मग तोवर मला बघू द्या."

"बघ. मी काय करतो तेही बघ. कुठे चुकलो की सांग. लाजू नकोस."

नायट्रेटची गोष्ट तशी सरळ आहे. मासे खातात, घाण करतात. त्या घाणीवर जिवाणू काम करतात आणि शेवटी नायट्रेट उरतं. आमच्या टाकीत त्याला पुढे फारशी वाट नाही, ते साठत जातं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्याला जगवतं. पण नायट्रेट वाढलं की ते शेवाळ माजतं, प्रवाळ तपकिरी पडतं, आकसतं. तेव्हा शोधायच्या गोष्टी दोनच: येतं कुठून आणि जातं कसं.

येण्यापासून सुरुवात केली.

"माशांना खायला कोण कोण घालतं?"

"मी, सकाळी," बाबा म्हणाले. "चिमटीने, मोजून."

मी आईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस? मी नाही घालत." मग थोड्या वेळाने, "दुपारी एखादी चिमूट. ती सासूबाई काचेला तोंड लावून बसते. तिला काय उपाशी ठेवू?"

सासूबाई म्हणजे जोडीतली मोठी, मादी. बाबांचा हात पाण्यात गेला की ती चावते. तिचा नवरा आकाराने निम्मा आणि कायम तिच्या मागे. घरात नांदावं कसं ते याच्याकडून शिका, असं आई बाबांना सांगते.

दुपारची चिमूट बंद झाली. गाळणीचे स्पंज मी धुतले. वाळूतली घाण नळीने ओढून काढली. मग पाणी बदलायला घेतलं: दर वेळी पाचवा भाग काढायचा आणि तेवढंच नवं, मीठ विरघळवलेलं पाणी घालायचं.

नवं पाणी बाबा करायचे आणि मी बाजूला उभी राहून बघायची, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे. सिंकखाली त्यांचं आरओचं यंत्र आहे, फक्त टाकीसाठी. त्याच्या दोन पाइपांपैकी एकातून शुद्ध पाणी पांढऱ्या कॅनमध्ये येतं. दुसऱ्यातून नको असलेल्या क्षारांसकट टाकाऊ पाणी बादलीत पडतं. टाकाऊ पाणी मोरीत सोडणं बाबांना पटत नाही, म्हणून ती बादली आईच्या झाडांना जाते. कॅनमधलं पाणी मोजून घ्यायचं, मीठ काट्यावर ग्रॅमपर्यंत तोलायचं, ढवळायचं, तापवायचं, खारटपणा बघायचा. हात थरथरायचा तेव्हा ते मिठाचा चमचा डाव्या हाताने धरायचे आणि थांबायचे. कणभर सांडलं तर पुसून पुन्हा तोलायचे.

मी कितीतरी चुका शोधल्या. एकही सापडली नाही.

तीन वेळा पाणी बदलून झालं. पाचवा भाग तीनदा काढला म्हणजे जवळजवळ निम्मं उरायला हवं. ऐंशीचे चाळीस. टाकीच्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून मी काचेची नळी रंगांच्या कागदाशेजारी धरली. रंग चाळीस आणि ऐंशीच्या मध्ये अडकला होता. साठ म्हणा. पुन्हा केलं, साठच.

"किती?" बाबांनी विचारलं.

"साठ."

"आणि यायला हवं होतं?"

"चाळीस."

ते उठले आणि रिकामी खोकी माळ्यावर आहेत का ते बघायला गेले. मासेवाल्यांची खोकी कमी पडली तर आपली असावीत, असं त्यांचं म्हणणं. मिटलेली तोंडं त्या दिवशी अकरा झाली होती.

मला राग आला तो आकड्याचा. वीस मिलिग्रॅम कुठून आलं? तीन मासे इतक्या थोड्या दिवसांत, तेही एकभुक्त राहून, एवढं करूच शकत नाहीत. मी हिशोब उलटसुलट करत बाल्कनीत गेले. आई तिथे मिरचीच्या रोपांची खालची पानं खुडत होती.

"बघ गं हे," ती म्हणाली. "सगळी पिवळी. पुदिन्याची तर काडी राहिली नुसती."

"पाणी कमी पडतंय?"

"पडणारच. बादली भरते कुठे हल्ली? पूर्वी दुपारपर्यंत वाहायची, आता संध्याकाळी बघावं तर अर्धी. आणि तुझ्या बाबांचा कॅन मात्र भराभर भरतो. नशीब एकेकाचं."

मी तिच्या हातातलं पान घेतलं. पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांपासून वर चढत होता. कोवळी पानं अजून हिरवी. झाडाला नायट्रोजन मिळेनासा झाला की ते असंच करतं, जुन्या पानांतला काढून नव्यांना देतं. हे मी परीक्षेत लिहिलंय आणि त्याचे मार्कही मिळालेत.

"आई, ही झाडं आधी कशी होती?"

"काय विचारतेस. तळहाताएवढी पानं होती. शेजारीण कलम मागून गेली. आता तोंड लपवावं लागतंय."

"आणि पिवळी कधीपासून?"

"सिंक तुंबलं होतं ना, प्लंबर आला होता, त्याच्यानंतर. मी तर म्हटलं, त्या मेल्याची दृष्टच लागली."

मी आत गेले. टेबलावर तपासणीच्या दोन नळ्या मांडल्या. एकीत कॅनमधलं पाणी, दुसरीत बादलीतलं. आजपर्यंत आम्ही टाकीचं पाणी शेकडो वेळा तपासलं असेल. तिच्यात जाणारं पाणी एकदाही नाही. शुद्ध पाणी शुद्ध आहे का, हे तपासायचं कुणाच्या डोक्यात येणार? माझ्या यायला हवं होतं.

"बाबा, जरा या."

ते माळ्यावरून उतरले, हातात एक खोकं. मी दोन्ही नळ्या दाखवल्या. कॅनची नळी गडद लाल. बादलीची पिवळी, म्हणजे शून्य.

"ही बादलीची," ते म्हणाले आणि लाल नळीकडे बोट केलं.

"नाही. ती कॅनची. चाळीस आहे."

त्यांनी खोकं खाली ठेवलं. मग विजेरी घेतली, स्वयंपाकघरात फरशीवर आडवे झाले आणि सिंकखालच्या कपाटात डोकं घातलं. बराच वेळ फक्त पाय दिसत होते.

"दोन्ही पाइप पांढरे," आतून आवाज आला. "दोन्ही सारख्या जाडीचे. त्याने मोरीचा पाइप काढताना हे दोन्ही सोडवले असणार आणि लावताना अदलाबदल केली. नळाच्या पाण्यातलं नायट्रेट कॅनमध्ये, शुद्ध पाणी झाडांना."

"आणि तुम्हाला कळलं नाही?" आई म्हणाली.

"कळलं ना. कॅन लवकर भरायला लागला हे कळलं. मी त्याला मुद्दाम फोन करून सांगितलं, म्हटलं, तुझ्या हाताला गुण आहे."

आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. मग बाबाही हसायला लागले, आडवेच, आणि कपाटातली भांडी त्यांच्याबरोबर वाजायला लागली.

"त्या पेनासारख्या यंत्राने तुम्ही शुद्धता बघायचात ना?" मी विचारलं. "ते कुठेय?"

आतलं हसू थांबलं.

"ड्रॉवरमध्ये. सेल संपलाय त्याचा."

घड्याळाच्या सेलचे चार डबे त्याच ड्रॉवरमध्ये आहेत.

बाबांनी पाइप जागच्या जागी लावले. मग घड्याळाच्या काट्यांना लावायचा लाल रंग आणला आणि शुद्ध पाण्याच्या पाइपाला स्वतः एक कडं काढायला घेतलं. मी हात पुढे केला, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. कडं वाकडं आलं. त्यांनी लांबून बघितलं.

"वाकडं आहे, पण लाल आहे," ते म्हणाले.

आता घाई त्यांनाच झाली. सगळं पाणी एकदम बदलून टाकू म्हणाले. मी फोन लावून दिला.

"घड्याळवाले, असं करू नका," पलीकडून मासेवाले म्हणाले. "घाणीची सवय झालेल्याला एकदम स्वच्छ केलं तर तो मान टाकतो. हळूहळू. तिसरा भाग काढा, तीनेक दिवस जाऊ द्या, मग पुन्हा. आणि खोकी आणू का नको?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. प्रवाळ वाचेल की नाही हे सांगणारा आकडा माझ्याकडे नव्हता.

"आणा," ते म्हणाले. "ठरल्या दिवशी या. मग बघू."

माशांची नवी घाण धरून साठाला दर वेळी सात दशांशांनी गुणत गेलं तर बेचाळीस, एकोणतीस, एकवीस असं उतरत जातं. पहिल्या बदलानंतर मी नळी धरली तेव्हा रंग चाळीसला टेकला होता. कागदावरचा हिशोब आणि नळीतला रंग एकमेकांशी बोलायला लागले की फार बरं वाटतं. आता कॅन हळू भरायचा आणि बाबा त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसायचे. हळू भरतोय याचा त्यांना एवढा आनंद व्हायचा की आई म्हणाली, आता या कॅनचीच दृष्ट काढते. पेनाला सेल बसला. रोज सकाळी ते आधी त्याने कॅन तपासायचे, मग चहा. बादली पुन्हा वाहायला लागली, आणि पुदिन्याच्या काडीला दोन पानं फुटली. ती आईने मला बोलावून दाखवली.

प्रवाळ मात्र लगेच उघडलं नाही. तिसऱ्या बदलापर्यंत अकरापैकी एकच तोंड उमललं.  टाकीजवळून जाताना बाबांची चाल मंद व्हायची.

महिनाअखेरीला मासेवाले आले. तीन खोकी, पिशव्या, हवेचा छोटा पंप. टाकीकडे न बघता आधी पाणी प्यायले, मग चष्मा लावला.

"थांबा," बाबा म्हणाले. "आधी मोजू."

तपासणी नेहमी मी करायचे. त्या दिवशी बाबांनी नळी स्वतः घेतली. थेंब टाकताना डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, मोठ्याने मोजलं. औषधाची दुसरी बाटली खूप जोरात हलवायची असते, नाहीतर तळाशी बसलेलं मिसळत नाही आणि आकडा खोटा येतो. मी सुचवायला गेले.

"हे काम माझं," ते म्हणाले. "हात तसाही हलतोच. आज पगारावर हलू दे."

मासेवाले हसले. बाबांनी बाटली हलवली, नळी हलवली, स्टँडवर ठेवली आणि रंग यायची वाट बघत बसले. मग डोळ्याला घड्याळाचं भिंग लावलं.

"अहो, रंग बघायला भिंग कशाला?" आई म्हणाली.

"सवय आहे."

"दिसतंय का काही?"

"तुझं नाक दिसतंय. बाजूला हो, उजेड अडतो."

त्यांनी नळी कागदाशेजारी धरली, पाचाच्या घरापाशी, मग दहाच्या, मग पुन्हा मागे. नंतर टाकीसमोर वाकले आणि बोटाने काचेवर एकेक करत मोजत गेले. सासूबाई त्या बोटामागे फिरत होती. मासेवाल्यांनी खोकी अजून उघडली नव्हती.

"लिही," बाबा मला म्हणाले. "नायट्रेट सात. तोंडं सव्वीस. उघडी चोवीस."