सरावलेले कान

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. विद्यापीठात पहिला संगणक आला ते हेच वर्ष, त्यामुळे विसरायचा प्रश्नच नाही. त्या यंत्राला उकडू नये म्हणून त्याच्या खोलीत गारवा करणारं मशीन बसवलं होतं, आणि आम्ही समाजशास्त्र विभागातली माणसं वरच्या मजल्यावर पत्र्याखाली पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचो. पण माझा राग त्यासाठी नाही. उकाडा सोसता येतो.

मी तिथे संशोधन सहायक होते. आमचे विभागप्रमुख म्हणजे सर. परदेशात शिकून आलेले, कपड्याला कधी सुरकुती नाही आणि बोलण्याला कधी चढउतार नाही. भौतिकशास्त्र विभागात एक प्राध्यापक होते, त्यांना पोरं 'कर्णपिशाच' म्हणायची, कारण आवाज मोजायचं यंत्र गळ्यात अडकवून ते दिवसभर हिंडत. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वाईट माणसांनी केलेलं विसरता येतं.

गावाबाहेर लोखंड तापवून, त्यावर यंत्राचे घण पाडून सुटे भाग बनवायचा मोठा कारखाना होता. कामगार म्हणत, घणांच्या शेडमध्ये आमचे कान जातात. मालक म्हणत, सिद्ध करा. कामगार खात्यानं ते काम विद्यापीठाकडे दिलं. कर्णपिशाचांनी शेडमधला आवाज मोजायचा आणि सरांनी घरोघरी माणसं पाठवून कामगारांना विचारायचं. भौतिक आणि सामाजिक शास्त्रांनी हातात हात घालायचे, अशी तेव्हा टूम होती. कुलगुरूंनी दोघांच्या मध्ये उभं राहून फोटोही काढून घेतला. कान बिघडतात असं निघालं, तर घणावरच्या जुन्या माणसांना आळीपाळीनं पॅकिंगच्या शेडमध्ये हलवायचं, हे मालकांनी लेखी मान्य केलं होतं.

त्या जुन्या माणसांत आमचे दाजी होते. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लग्नाआधीपासून मोठ्या घणावर. उजवा कान गेलाच होता. डाव्यात थोडंफार उरलं होतं. भाची चार वर्षांची, अखंड बडबड. ती त्यांच्या डाव्या बाजूला चिकटून, कानाला तोंड लावून दिवसभराच्या चुगल्या सांगायची आणि दाजी माना डोलवायचे.

अक्का म्हणायची, "उजवा गेला तर जाऊ दे. त्या बाजूनं मी बोलते, त्यांना तेवढाच आराम. पण पोरीचा कान तेवढा वाचव गं. तू त्यांच्यात आहेस ना?"

मी त्यांच्यात होते. मला वाटलं, वाचेल.

कर्णपिशाचांनी शेडमध्ये यंत्र लावलं तर काटा शेवटच्या खुणेला जाऊन आदळला. ते परत आले तेव्हा त्यांचेच कान गुणगुणत होते. "या आवाजात रोज उभा राहणारा माणूस बहिरा व्हायलाच हवा," ते म्हणाले. "न झाला तर निसर्गनियमांना राजीनामा द्यावा लागेल."

मग आमच्या मुलाखतींचा निकाल आला. घणाच्या शेडमधल्या, म्हणजे ज्यांनी उत्तरं दिली त्या, बहुतेक कामगारांना ऐकू चांगलं येत होतं!

शहाण्या माणसाला अशा वेळी वाटतं, कुठेतरी शेण खाल्लंय, शोधू या. या दोन विद्वानांना ते वाटलं नाही. सरांनी आठवडाभर विचार करून सिद्धांत काढला, की माणसाचा कान आवाजाला सरावतो. यंत्र सांगतं ते खरं, लोक सांगतात तेही खरं, मधे जी फट पडते ती म्हणजे 'सराव'. कर्णपिशाच आधी कां कूं करत होते. पण सराव हा शोध आहे आणि शोधाला परदेशी परिषदेत जागा मिळते, हे कळल्यावर त्यांचाही कान सरावला.

थोडी घरं शिल्लक होती. आदर्श मुलाखत कशी घ्यायची ते दाखवायला सर स्वतः निघाले. चिठ्ठी टाकून घर काढलं ते नेमकं दाजींचं.

"सर, हे माझ्या बहिणीचं घर आहे," मी म्हटलं.

"उत्तम. मग तू तिथे तोंड उघडायचं नाहीस."

मुलाखतीचे नियम त्यांनीच घातलेले होते. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. आवाज सगळीकडे एकसारखा, कारण आवाज चढवला की समोरचा दबतो आणि उत्तर बदलतं. दोनदा वाचायचा, तिसऱ्यांदा नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाचं उत्तर धरायचं नाही. पहिल्याच प्रश्नाला उत्तर आलं नाही तर 'उत्तर नाही' असं लिहून तो माणूस मोजणीतून वगळायचा. विद्यार्थ्यांची मतं विचारायला हे नियम छान होते. पुस्तकातून उचलले आणि इथे आणून ठेवले.

दाजी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसले होते. विद्यापीठातले लोक येणार म्हणून अक्कानं खुर्ची शेजारून आणली होती. सरांनी कागद तोंडासमोर धरला. दाजी ओठ बघून बरंच समजून घ्यायचे, आता तेही बंद.

"आपणांस ऐकू कसे येते? चांगले, मध्यम, की कमी?"

दाजी हसले. "हो हो, बसा ना."

सर बसलेलेच होते. त्यांनी तेच वाक्य, त्याच पट्टीत, पुन्हा वाचलं. दाजींनी अक्काकडे पाहिलं.

"अहो, ऐकू येतं का विचारतायत!" अक्का ओरडली.

सरांनी हात वर केला. "बाई, मध्ये बोलू नका. तुमचं धरता येत नाही."

"मग ह्यांचं कसं धरणार? ह्यांच्या कानापर्यंत प्रश्न पोचलाच नाही."

"ते तुमचं मत झालं."

"माझं मत? बारा वर्षं बोंबलून माझा घसा बसलाय, ते मत?"

दाजींना वाटलं, अक्का पाहुण्यांना चहाबद्दल काही बोलते आहे. "साखर कमी घालू का विचार त्यांना," ते म्हणाले.

सरांनी शांतपणे 'उत्तर नाही' लिहिलं, टोपण लावलं आणि उठले. "पुढचं घर."

मी जिन्यात त्यांना गाठलं. "सर, ते उत्तरच होतं की!"

"कुठलं?"

"त्यांना ऐकू आलं नाही, हेच उत्तर."

"ऐकू आलं नाही हा तुझा तर्क. त्यांनी उत्तर दिलं नाही, हे मी पाहिलं. या दोन्हींत फरक करता येत नसेल, तर संशोधनात कशाला आलीस?"

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला, आणि तो प्रकाश अजून मला जाळतो. ज्यांना ऐकू येत नव्हतं तेच नेमके गाळले जात होते. उरले ते ऐकू येणारे, आणि त्यांना विचारल्यावर ते म्हणाले, ऐकू येतं. आंधळ्यांची शिरगणती करायला पाटी वाचायला लावावी, आणि ज्यांना वाचता आली नाही त्यांना गैरहजर मांडावं, तसं. हे करायला पुष्कळ शिकावं लागतं. अडाणी माणसाच्या हातून इतकी मोठी चूक होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दाजींना घेऊन कर्णपिशाचांच्या प्रयोगशाळेत गेले. कान तपासायचं यंत्र तिथे होतं, नुकतंच आलेलं, अर्धं खोक्यातच. त्यांनी दाजींना बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि खुणेनं सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. उजव्या कानात आवाज सोडला. बोट मांडीवरच. आणखी वाढवला. बोट मांडीवरच.

"यंत्र बिघडलंय," कर्णपिशाच म्हणाले. त्यांनी हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला आणि "मेलो!" म्हणून खुर्चीतून उडाले. दाजी खो खो हसले. मीही हसले. तेवढाच हसायचा क्षण या सगळ्यात.

डावा कान तपासला. त्यात निम्मंच उरलं होतं.

कर्णपिशाचांनी त्या कानाच्या आलेखावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "अजून वर्ष-दोन वर्षं घणावर राहिले, तर हाही जाईल."

"सरांना सांगाल?"

"नुसतं सरांना कशाला, बैठकीत सगळ्यांसमोर सांगतो. गाळलेल्या सगळ्यांना तपासल्याशिवाय निष्कर्ष काढता येणार नाही. शब्द देतो." त्यांनी दाजींचा हात हातात घेतला. दाजींनी काही ऐकलं नव्हतं, पण हाताची भाषा त्यांना कळली. घरी जाताना मला म्हणाले, "भला माणूस आहे."

बैठक मोठ्या दालनात भरली. कामगार अधिकारी, कारखान्याचे व्यवस्थापक, कुलगुरूंचा प्रतिनिधी. सरांनी अहवाल वाचला आणि 'सरावलेले कान' हा शब्द आला तेव्हा व्यवस्थापकांनी टेबलावर बोटांनी हळूच ताल धरला. मी उठले. कसे गाळले, कोण गाळले, ते सांगितलं. गाळलेल्यांत पॅकिंगच्या शेडमधलं क्वचितच कुणी होतं, घणावरचे मात्र सरसकट, हेही सांगितलं.

सर हसून म्हणाले, "या आमच्या सहायक. यांच्या बहिणीचे यजमान घणावर आहेत."

लोक हसले. एका वाक्यात माझं सगळं बोलणं नात्यागोत्याचं होऊन गेलं. जणू सख्खं नातं असलं की माणसाला मोजता येत नाही.

अधिकारी कर्णपिशाचांकडे वळले. "प्राध्यापक, यंत्र तुमचं. तुम्ही काय म्हणता?"

कर्णपिशाचांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "एका माणसाच्या तपासणीवरून सर्वसाधारण विधान करता येत नाही. शिवाय मी भौतिकशास्त्राचा माणूस. लोक काय सांगतात, हा सरांचा प्रांत."

"आणि सरांना विचारलं तर कान हा तुमचा प्रांत!" मी ओरडले. "यांच्या प्रांतात आवाज, त्यांच्या प्रांतात कागद. मग माणसाचा कान आहे कुणाच्या बापाचा?"

"बाई, खाली बसा," अधिकारी म्हणाले.

"बसत नाही. त्या माणसांना इथे बोलवा, त्यांच्या पाठीमागून हाक मारा. कोण वळून बघतं ते आपल्या डोळ्यांनी बघा. त्याला ना यंत्र लागतं ना पदवी."

"त्याला शास्त्र म्हणत नाहीत," सर म्हणाले. पट्टी तीच.

व्यवस्थापकांनी चहा मागवला. चहाबरोबर अहवाल मंजूर झाला.

बाहेर व्हरांड्यात कर्णपिशाचांनी मला गाठलं. "अगं, ऐक तरी. परिषदेला निबंध गेलाय. आता मागे घेतला तर दोन्ही विभागांची नाचक्की. पुढच्या अभ्यासात आपण हे नीट—"

"पुढच्या अभ्यासापर्यंत दाजींचा कान तुम्ही कुठं ठेवणार? खोक्यात?"

ते काही बोलले नाहीत. उत्तर नाही असं मी मनात लिहिलं आणि निघाले.

घरी गेले. अक्कानं माझं तोंड बघूनच ओळखलं आणि हातातलं भांडं आपटलं. दाजी विचारू लागले, काय झालं. त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन मलाच सांगावं लागलं, "नाही झालं, दाजी." त्यांना एकदाच सांगून ऐकू आलं. त्यांनी मान हलवली, मला म्हणाले, "तू जेवून जा," आणि पाळीवर जायला निघाले.

पुढं सगळ्यांचं काय झालं ते सांगते.

माझी नेमणूक त्या वर्षाअखेर संपली, ती पुन्हा झाली नाही. दूरच्या एका मुलींच्या कॉलेजात नोकरी मिळाली. तिथे निवृत्त होईपर्यंत संशोधनाच्या पद्धती शिकवल्या. गाळलेले कोण, हे आधी विचारा, असं दरवर्षी पहिल्याच तासाला सांगायची. मुली कंटाळायच्या.

सर अधिष्ठाता झाले. 'सराव' पाठ्यपुस्तकांत गेला आणि त्यावर पुढच्या लोकांनी पदव्या मिळवल्या. ते वारले तेव्हा शोकसभेचं बोलावणं आलं होतं. मरणाबरोबर वैर संपतं म्हणतात. माझं संपलं नाही, मी गेले नाही.

कामगार अधिकाऱ्यांची बढती झाली, एवढंच ठाऊक आहे. कारखाना पुढे बंद पडला आणि घण भंगारात गेले.

कर्णपिशाचांनी पंधरा वर्षांनी दुसऱ्या एका कारखान्यात कान तपासून निबंध लिहिला आणि तो मला पाठवला. आत एक वाक्य होतं, 'आधीच्या अभ्यासाच्या पद्धतीस काही मर्यादा होत्या.' मर्यादा! मी तो परत पाठवला. नंतर एकदा ते लग्नात भेटले, नमस्कार करून पुढे सरकले. मीही थांबवलं नाही.

भाची डॉक्टर वगैरे झाली नाही, ते गोष्टींत होतं. ती बँकेत लागली. बोलकी होती, ती सहाव्या-सातव्या वर्षापासून कमी बोलायला लागली. घरात बोलून उपयोग नाही हे मुलांना लवकर कळतं.

दाजी निवृत्तीपर्यंत घणावरच राहिले. डावा कान अहवालानंतर दोन वर्षांतच गेला होता. त्यांचा सर्वांत वाईट गुण म्हणजे ते कुणावर रागावले नाहीत. अखेरपर्यंत म्हणायचे, "तो यंत्रवाला भला माणूस होता." मी त्यांना खरं काय झालं ते कधी सांगू शकले नाही. डावा कान होता तोवर धीर झाला नाही, आणि नंतर एवढी मोठी गोष्ट खुणांनी कशी सांगणार?

अक्का आता माझ्याकडे असते. नव्वदी ओलांडली. मी हे लिहितेय म्हटल्यावर म्हणाली, "त्या दोघांची नावं घाल." मी म्हटलं, नको, ती सगळीकडे छापलेली आहेतच. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.