लेखी नकार

म्हातारीने अर्ज तिसऱ्यांदा न्यायालयाच्या खिडकीतून आत सरकवला. कारकुनाने तो तिसऱ्यांदा बाहेर ढकलला.

"आजी, सांगून सांगून तोंड दुखलं माझं. तुमच्या लाँड्रीची जागा नव्या कायद्याखाली घेतलीय. त्यासाठी घटनाच दुरुस्त केली. या जागांबद्दल कुठल्याच न्यायालयात जाता येणार नाही."

"जागा कोणी घेतली?"

"सरकारनं."

"आणि न्यायालयात जायचं नाही, हे कोणी ठरवलं?"

"सरकारनंच."

"म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि तोंड दाबायचा नियमही मारणाऱ्याचाच."

रांगेत कोणीतरी फिसकन हसले. एकतीस वर्षे उभ्याने इस्त्री फिरवून चालवलेली लाँड्री आठ दिवसांत पडणार होती, आणि लोकांना हसू सुचत होते. म्हातारीने मागे वळून नुसते पाहिले. हसू जागच्या जागी जिरले.

शेजारी वकील सून उभी होती. सकाळपासून तिच्या कपाळावरची आठी हलली नव्हती.

"आई, चला आता."

"तूच म्हणालीस ना, घटनेला गाभा असतो, त्याला सरकारचाही हात लागत नाही म्हणून?"

"असतो. दाद मागायचा हक्क त्या गाभ्यातलाच. पण या दुरुस्तीनं त्याला धक्का लागला का, हे न्यायाधीश ठरवणार. अर्ज इथंच अडला तर त्यांच्यापुढे जाणार काय, माझं डोकं?"

"ते तरी जाऊ दे. एवढी पुस्तकं कोंबलीत त्यात."

सुनेने काळा कोट या हातावरून त्या हातावर घेतला. म्हातारी पुन्हा खिडकीशी वाकली.

"घेत नाहीस ना? मग तसं लिहून दे. न निघणारा डाग आला, तर मी पावतीवर लिहून देते, निघणार नाही. खाली सही करते. तोंडी नकार लबाड माणसं देतात."

"लिहून द्यायची पद्धत नाही, आजी."

"मग पद्धत नाही, हेही लिही."

रांग कुरकुरू लागली. जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटे उरली होती. कारकुनाने पेन ओढले आणि अर्जाच्या पाठीवर खरडले : घटनादुरुस्तीमुळे या न्यायालयास अधिकार नाही, सबब अर्ज नाकारला. सही केली. शिक्का आपटला.

"झालं समाधान?"

म्हातारीने कागद घेतला. नकार तो नकारच. कागदावर उतरला की जास्त खरा दिसतो, एवढेच. ती दाराकडे वळली.

सुनेने कागद तिच्या हातून काढून घेतला. दोनदा वाचला. मग सासूला दंडाला धरून बाकावर बसवले आणि पेनाचे टोपण काढले.

"आता काय लिहितेस? जागेबद्दल विचारायचं नाही ना?"

"जागेबद्दल नाहीच विचारत. यानं दुरुस्तीचं कारण देऊन सही-शिक्क्यानं नाकारलं, ते बरोबर की चूक, एवढंच विचारते. ते ठरवायला न्यायाधीशांना ती दुरुस्ती तपासावीच लागेल."

म्हातारीने बाकावर सरकून सुनेला लिहायला जागा करून दिली.

"सावकाश लिही," ती म्हणाली. "आणि अक्षर जरा बरं काढ."