सव्वादोन फेरे

मिंचोने कुंपणावरून हात पुढे केला आणि आपली मिशी पणाला लावली.

"तुझी ही व्होल्गा गाडी न थांबता देवळापर्यंत चढली, तर चौकात बसून ही भादरून घेईन. नाही चढली, तर तुझी."

ग्रोझ्दानने ग्रीसने माखलेला हात तसाच त्याच्या हातात दिला. दोन वर्षं तो बापाच्या या गाडीमागे लागला होता. पाच गिअरची पेटी त्याने दुसऱ्याच गाडीची बसवली होती. मागचा अ‍ॅक्सल तिला जुळला नाही तर गाडी सपाटीवर पळणार आणि चढावर गुदमरणार, हे आता अख्ख्या गल्लीला पाठ झालं होतं.

मिंचोला मात्र निकाल आधीच ठाऊक होता. ग्रोझ्दान जेवायला गेल्यावर तो शेडमध्ये शिरला होता, मागचं एक चाक जॅकवर उचललं होतं, मधल्या शाफ्टवर खडूची रेघ मारून चाक हाताने फिरवलं होतं. चाकाचा एक फेरा, शाफ्टचे सव्वादोन. हा चढ चढायला साडेचार तरी हवेत. कुंपणाशी येईपर्यंत त्याला हसू आवरत नव्हतं.

संत इलियाच्या दिवशी चौक भरला. ग्रोझ्दानने गाडीचं मागचं दार उघडलं आणि त्याची आई, स्तानामावशी, मांडीवर मेणबत्त्या घेऊन आत बसली. गुडघ्यांपायी चार वर्षं ती वरच्या देवळात गेली नव्हती.

मिंचोने वर देवळाकडे पाहिलं. चढ छपरासारखा उभा. मध्येच इंजिन मेलं तर ते जुने ब्रेक धरतील न धरतील, आणि खाली थेट कारंज्याची दगडी कड. तो खिडकीशी गेला. अ‍ॅक्सल जुळत नाही, मी चोरून मोजलाय, असं सांगितलं. ग्रोझ्दान हसला. गेल्या वर्षी इंजिन पेटल्याची थाप मारून त्याला अंघोळीतून धावत आणणारा हा मिंचोच.

"मी पैज हरलो म्हण. पण आईला उतरव."

"वर आल्यावर हर," म्हणत ग्रोझ्दानने पहिला गिअर टाकला.

बेकरीचं दार अडवायला खाली लावलेली लाकडी पाचर, ती उटी, मिंचोने उपसली आणि गाडीमागे निघाला. वाकलेला, उटी मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर धरून, धुरात खोकत. नवी नक्कल समजून लोकांनी टाळ्या पिटल्या. अक्रोडाच्या वळणावर इंजिनचा आवाज खोल गेला. मिंचोने गुडघा दगडावर टेकला. मागच्या काचेतून स्तानामावशी वळून त्याच्याकडेच बघत होती.

आवाज पुन्हा भरला. गाडी चढतच राहिली, देवळाच्या पायरीपर्यंत.

"एकच चाक उचललं होतंस ना?" ग्रोझ्दानने खाली उतरून विचारलं.

मिंचो धापा टाकत होता. त्याने मान हलवली.

"दुसरं जमिनीवर असलं की शाफ्ट निम्माच फिरतो, गाढवा. दुप्पट कर."

मिंचोने दुप्पट केली.

संध्याकाळी चौकात न्हाव्याने खुर्ची मांडली. उटी कशाला नेली होतीस, असं कुणीतरी विचारलं. पैज फुकटात हरलो असं दिसू नये म्हणून, मिंचो फेसातून म्हणाला, आणि चौक खिदळला. शेजारच्या स्टुलावर स्तानामावशीने त्याचा उजवा तळहात मांडीवर ओढून घेतला होता. सुईने ती त्यातली लाकडाची कुसळं काढत होती, एकेक करून.

"हलू नकोस," न्हावी म्हणाला.

तो हलला नाही.